ऑफ-रोड म्हणजे नेमकं काय रे भाऊ?

गेल्या पावसाळ्यात आमच्या टीममधल्या एकाचा घोटा मोडला. मुळशीकडे चिखलाच्या चढावर गाडी घसरली आणि पाय खाली सापडला. गाडी घेऊन जेमतेम दोन महिने झालेले. शोरूममधला पोरगा म्हणाला होता, "सर, प्युअर ऑफ-रोड आहे, कुठेही घाला." माझा राग त्या पोरावर नाहीये, त्या शब्दावर आहे.

'ऑफ-रोड बाइक' अशी एक गाडी नसतेच मुळी. निदान चार वेगळ्या जाती आहेत.

मोटोक्रॉसची गाडी घ्या. हेडलाइट नाही, इंडिकेटर नाही, नंबरप्लेटचा तर प्रश्नच नाही. बंद ट्रॅकवर उड्या मारायच्या आणि थोडक्या वेळात शर्यत संपवायची, म्हणून टाकी छोटी आणि सस्पेन्शन कडक. ट्रायल्सच्या गाडीला तर सीटच नाही म्हणा ना! वजन ७० किलोच्या आसपास, दगडांवरून मुंगीच्या चालीने न्यायची, पाय टेकला की दंडाचे गुण. एन्ड्युरो म्हणजे जंगलात तासन्‌तास चालणारी. तिला दिवे असतात, सस्पेन्शन जरा मऊ, पुढचं चाक २१ इंची आणि मागचं १८.

आणि चौथी, जी आपण सगळे घेतो ती अ‍ॅडव्हेंचर टूरर. तिचं काम म्हणजे सामानासकट पुण्याहून स्पिती गाठायची आणि मधला खराब रस्ता कुरकुर न करता पार करायचा. ते ती झकास करते. पण वजनं बघा. व्ही-स्ट्रॉम एसएक्स १६७ किलो, हिमालयन ४५० १९६, बीएमडब्ल्यू आर १२५० जीएस २४९. हायवेवर शेजारून ट्रक गेला की हेच वजन बरं वाटतं. निसरड्या चढावर मात्र ते एकट्याने उचलायचं असतं, आणि हे ब्रोशरमध्ये कोणी छापत नाही.

"पण यूट्यूबवर तो जीएस उडवतो की!" उडवतो ना. तो रोज तेच करतो, आणि पडला तर उचलायला कॅमेऱ्यामागे माणसं असतात. आपण सोमवार ते शुक्रवार खुर्चीत बसतो हो!

चाकांचंही तेच. दगडावर आपटलं तर स्पोकचं चाक वाकतं, पण बहुतेकदा घरापर्यंत आणतं. अलॉयला तडा गेला की टेम्पो शोधा.

खरंच चिखलातच जायचंय? मग हलकी घ्या. एक्सपल्स २०० ही २०१९ मध्ये आली तेव्हा १५४ किलोची होती. स्पोकची २१ आणि १८ इंची चाकं, २२० मिमी ग्राउंड क्लिअरन्स. पॉवर फक्त १८ बीएचपी म्हणून नाकं मुरडणारे खूप भेटतात. चिखलात त्याहून जास्त वापरून दाखवा, मिसळ माझ्याकडून.

असो. मित्र आता काठीशिवाय चालतो. परवा कॅन्टीनमध्ये त्याने मोबाइल माझ्यापुढे सरकवला. आधीच्यापेक्षा पन्नास किलोने जड गाडी होती.

"हिला ट्रॅक्शन कंट्रोल आहे," म्हणाला.