विश्लेषण : गोल करणारा बचावपटू संघाला महाग का पडतो?

मनोरीतल्या हॉकीप्रेमीला २०१३ च्या जानेवारीत आपल्या शहराचा संघ पाहायचा असेल, तर आधी बोटीने मार्वे, तिथून बसने मालाड आणि मग लोकलने चर्चगेट असा प्रवास होता. हॉकी इंडिया लीगचा तो पहिलाच हंगाम. तो संपला तेव्हा लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा खेळाडू मुंबईचा होता आणि गुणतक्त्यात तळाला राहिलेला संघही मुंबईचाच होता. खेळाडू होता ड्रॅगफ्लिकर संदीप सिंग आणि संघ मुंबई मॅजिशियन्स. गोल करणाऱ्या बचावपटूसाठी किती मोजायचे आणि त्याच्या बदल्यात कोणाला सोडायचे, हा चाहत्यांचा नेहमीचा वाद. त्यासाठी याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

मुंबईने काय विकत घेतले होते?

डिसेंबर २०१२ च्या लिलावात संदीपची मूळ किंमत २७,८०० डॉलर होती. मुंबईने ६४,४०० डॉलर मोजले. त्यामागे कारण होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत लंडन ऑलिंपिकच्या पात्रता स्पर्धेत भारताने अंतिम सामन्यात फ्रान्सला ८-१ असे हरवले, त्यात संदीपचे पाच गोल होते. पण ऑगस्टमध्ये लंडनला हाच भारतीय संघ १२ पैकी १२ वा आला. लिलावाच्या वेळी या दोन्ही गोष्टी सर्वांसमोर होत्या. बोली मात्र पहिलीवरच लागली.

त्या लिलावातील सर्वात महागडे दोघे मधल्या फळीतले होते : दिल्लीचा सरदार सिंग (७८,००० डॉलर) आणि रांचीचा मॉरिट्झ फ्युर्स्टे (७५,५०० डॉलर). पहिल्या हंगामाची अंतिम लढत याच दोन संघांत झाली आणि रांची जिंकली. मुंबईच्या संदीपने १२ सामन्यांत ११ गोल केले, पण संघ पाचांत पाचवा राहिला.

ड्रॅगफ्लिकरला इतकी किंमत का?

पेनल्टी कॉर्नरवर गोलरक्षकासह जास्तीत जास्त पाच जणांनाच गोलरेषेमागे उभे राहून बचाव करता येतो. स्टिकने थेट फटका मारला, तर पहिला चेंडू गोलरेषेवर ४६० मिलीमीटरपेक्षा उंच जाता कामा नये. ड्रॅगफ्लिकला ही मर्यादा नाही. चेंडू स्टिकवरून ओढत नेऊन गोलच्या वरच्या कोपऱ्यातही सोडता येतो. त्यामुळे चांगला फ्लिकर असलेल्या संघाला प्रत्येक पेनल्टी कॉर्नर ही गोलची खरी संधी असते.

मग त्याला फक्त कॉर्नरपुरते का उतरवत नाहीत?

खरी अडचण इथेच आहे. हॉकीत खेळाडू कितीही वेळा बदलता येतात, पण पेनल्टी कॉर्नर दिला गेल्यापासून तो पूर्ण होईपर्यंत बदल करता येत नाही. अपवाद फक्त बचाव करणाऱ्या संघाचा गोलरक्षक जखमी किंवा निलंबित झाला तर. म्हणजे शिट्टी वाजल्यावर फ्लिकरला बाकावरून बोलावण्याची सोय नाही. तो आधीपासून मैदानात हवा. कॉर्नर कधी मिळेल हे कोणालाच ठाऊक नसते, म्हणून प्रशिक्षक त्याला जास्तीत जास्त वेळ खेळवतो. तेवढा सगळा वेळ तो बचावाच्या जागेवर असतो. प्रतिहल्ल्यात तो मागे पडला, तर ते अंतर दुसऱ्या कोणाला तरी धावून भरून काढावे लागते. हा खर्च गोलांच्या यादीत दिसत नाही.

सगळा दोष संदीपचा होता का?

नाही. भारत-पाकिस्तान तणावामुळे जानेवारी २०१३ मध्ये लीगमधील नऊ पाकिस्तानी खेळाडूंना परत पाठवण्यात आले. त्यातले चार मुंबईचे होते. हंगामाच्या तोंडावर चार खेळाडू गमावलेल्या संघात बचावाची घडी बसणे अवघडच होते.

पुढचे दोन हंगाम संदीप पंजाब वॉरियर्सकडून खेळला. पहिल्या दोन हंगामांत मिळून त्याच्या नावावर २२ गोल झाले. त्याचा खेळ बदलला नव्हता, पण पंजाब २०१४ आणि २०१५ अशा दोन्ही वर्षी अंतिम फेरीत पोहोचला. दोन्ही वेळा विजेतेपद हुकले. पंजाबने २०१६ मध्ये ते मिळवले तेव्हा संदीप रांचीकडे गेलेला होता. दरम्यान मुंबईत दबंग मुंबई हा नवा संघ आला. २०१७ मध्ये तो अंतिम फेरीत पोहोचला, तेव्हा ड्रॅगफ्लिकर हरमनप्रीत सिंग याच संघात होता.

नियम बदलला तर किंमत बदलते?

बदलते. २०१६ आणि २०१७ मध्ये लीगने मैदानी गोलला दोन गोलांचे मोल दिले. पेनल्टी कॉर्नरवरचा गोल एकच धरला जाई. ड्रॅगफ्लिकरचे कसब तेच राहिले, पण गुणफलकावर त्याची किंमत निम्मी झाली. २०२४ च्या अखेरीस लीग पुन्हा सुरू झाली ती नेहमीच्या गणितावर. हरमनप्रीतवर सूरमा क्लबने ७८ लाख रुपयांची, म्हणजे लिलावातली सर्वोच्च बोली लावली. विजेतेपद मात्र ४८ लाखांच्या जुगराज सिंगच्या बंगाल टायगर्सने मिळवले. अंतिम सामन्यात हैदराबादवरील ४-३ विजयात जुगराजची हॅटट्रिक होती. म्हणजे गोल करणारा बचावपटू संघाला विजेतेपदही मिळवून देऊ शकतो.

परदेशात हा वाद कसा रंगतो?

उत्तर अमेरिकेच्या आईस हॉकीत एरिक कार्लसन या बचावपटूने २०२२-२३ मध्ये गोल आणि गोलसाह्य मिळून १०१ गुण मिळवले. सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कारही त्यालाच मिळाला. पण त्याच हंगामात त्याचा ‘प्लस-मायनस’ उणे २६ होता. काही ठरावीक गोल वगळता, तो बर्फावर असताना संघाने केलेले आणि खाल्लेले गोल यांतला हा फरक. त्याचा सॅन होजे संघ तळाच्या संघांत राहिला. ऑगस्ट २०२३ मध्ये पिट्सबर्गने त्याला अदलाबदलीत घेतले. पुढचे दोन्ही हंगाम पिट्सबर्ग बाद फेरीबाहेरच राहिला. प्लस-मायनस हा आकडा ढोबळच आहे, संघ कमकुवत असेल तर चांगला खेळाडूही त्यात उणे दिसतो. पण तिथल्या चाहत्यांसमोर निदान दोन आकडे असतात.

चाहत्यांनी काय विचारावे?

आपल्याकडे लिलावाच्या दिवशी मोबाइलवर येतात ते रक्कम आणि गोल. आणखी दोन गोष्टी जाहीर व्हायला हव्यात : फ्लिकरने किती कॉर्नर घेतले आणि किती गोल झाले, आणि तो मैदानात असताना संघाने किती गोल खाल्ले. लीगने प्रत्येक सामन्यानंतर हे द्यायला हरकत नसावी. तोवर चाहत्यांनी निदान एक प्रश्न धरून ठेवावा : हा बचावपटू पुढे गेला की त्याच्या जागेवर कोण उभे राहणार? याचे उत्तर देणारा खेळाडू संघात आधीच असेल, तर बोली कितीही लावा. नसेल, तर आधी तो शोधा. मुंबईने २०१३ मध्ये ११ गोल विकत घेतले. त्यांच्या मागची जागा भरणे राहून गेले. आज लीगमध्ये मुंबईचा संघ नाही. उद्या पुन्हा आला, तर मनोरीहून चर्चगेट गाठणाऱ्या प्रेक्षकाला निदान तोच तक्ता पुन्हा पाहावा लागू नये.