मगरीचे रक्त आणि गावाचा वाटा

पुणे-नाशिक रस्त्यावर आळेफाट्याजवळ वसलेल्या पिंपळवंडीत मगर ही नित्याची गोष्ट नव्हे. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर वाढलेला ऊस, त्या उसात दडणारा बिबट्या आणि बांधावर पहुडलेली घोणस हे या भागाचे परिचयाचे प्राणिजीवन. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात मगरीच्या कुळातील अ‍ॅलिगेटर या प्राण्याच्या रक्तात कोणती विकरे सापडली, याच्याशी जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला काय कर्तव्य, असे कोणी विचारले तर तो प्रश्न गैर म्हणता येणार नाही. परंतु अर्थकारणाचे धागे कोठून कोठे जातात, हे पाहू लागले की असे प्रश्न वाटतात तितके सोपे राहत नाहीत.

मूळ निरीक्षण साधे आहे. मगरी आपापसांत झुंजतात, एकमेकींचे पाय तोडतात, आणि त्या जखमा घेऊन गढूळ, कुजट पाण्यात दिवसचे दिवस पडून राहतात. तरीही त्या जखमा सहसा चिघळत नाहीत. लुइझियानातील मॅकनीज विद्यापीठाचे जीवरसायनशास्त्रज्ञ मार्क मर्चंट यांनी याचे कारण प्रयोगशाळेत शोधण्यास आरंभ केला. जिवाणूंच्या २३ वाणांवर त्यांनी माणसाचे रक्तजल आणि अ‍ॅलिगेटरचे रक्तजल वेगवेगळे वापरून पाहिले. माणसाच्या रक्तजलाने त्यांपैकी ८ वाणांचा नाश केला. अ‍ॅलिगेटरच्या रक्तजलाने सर्वच्या सर्व २३ वाणांचा. तेच रक्तजल ५६ अंश सेल्सियसपर्यंत अर्धा तास तापवले की त्याची ही शक्ती नाहीशी होते. यावरून असे अनुमान निघाले की यामागे मुख्यत्वे रक्तातील पूरक प्रथिनांची साखळी असावी. ही साखळी माणसाच्या रक्तातही असते. मगरीच्या कुळात ती अधिक व्यापक काम करते, इतकेच.

पुढे याच संशोधनातून मगरीच्या कुळातील प्राण्यांच्या रक्तात काही विकरेही मोजली गेली. विकरे म्हणजे ज्यांना महाविद्यालयात एन्झाइम या नावाने ओळखतात ती प्रथिने. त्यांपैकी दोन सामान्य वाचकाने लक्षात ठेवण्याजोगी आहेत. एक फॉस्फोलायपेज ए-२ आणि दुसरे डायपेप्टिडिल पेप्टिडेज-४. नावे उच्चारण्यास कठीण आहेत हे खरे, पण दोन्ही विकरे महाराष्ट्राच्या घराघरांत आधीच येऊन पोहोचली आहेत.

पहिल्याचे पाहा. पेशीचे आवरण ज्या स्निग्ध पदार्थांचे बनलेले असते, ते फॉस्फोलायपेज ए-२ तोडते. मगरीच्या रक्तात ते जिवाणूच्या आवरणावर घाव घालते. माणसाच्या अश्रूंतही याच कुळातील एक विकर असते आणि ते डोळ्याचे रक्षण करते. पण हेच कूळ घोणसेच्या विषातही विपुल आहे. तेथे ते शत्रूच्या नव्हे, तर दंश झालेल्या माणसाच्या पेशींवर व स्नायूंवर चालून जाते, आणि त्याच विषातील इतर विकरे रक्ताची गोठण्याची क्रिया बिघडवतात. म्हणजे कुकडीच्या कालव्यावर रात्रपाळीच्या विजेने मोटार सुरू करायला गेलेल्या शेतकऱ्याच्या पायात जे शिरते आणि कृष्णाकाठच्या मगरीला जे जगवते, त्यांचे गोत्र एकच. निसर्गाने एकच हत्यार एका घरात पहारेकऱ्याच्या हाती दिले आहे आणि दुसऱ्या घरात मारेकऱ्याच्या.

सर्पदंशाचा प्रश्न ग्रामीण महाराष्ट्राला किती जिव्हाळ्याचा आहे, हे सांगण्याची गरज नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाची गणना दुर्लक्षित रोगांत केली ती २०१७ मध्ये, आणि भारताचा राष्ट्रीय कृती आराखडा आला तो २०२४ च्या मार्च महिन्यात. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचा त्याचा संकल्प आहे. मरणारा बहुतेक वेळा शेतकरी किंवा शेतमजूर असतो. त्याच्याजवळ क्रयशक्ती नसते, आणि क्रयशक्ती नसलेल्याची गरज बाजाराला ऐकू येत नाही. परळच्या हाफकिन संस्थेसारख्या सरकारी संस्थांनी घोड्यांच्या रक्तातून प्रतिविष बनवण्याची विद्या या राज्यात रुजवली नसती, तर नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारी कुपी प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत कोणत्या खाजगी नफ्याच्या ओढीने पोहोचली असती, याचा विचार करून पाहावा.

दुसऱ्या विकराची कथा अधिक बोधप्रद आहे, कारण तिच्यात पैशाचा प्रवास स्पष्ट दिसतो. डायपेप्टिडिल पेप्टिडेज-४ हे विकर प्रथिनांच्या टोकाचे दोन-दोन मणी कापते. प्रतिकारशक्तीच्या संदेशवहनात त्याचा वाटा आहे, आणि मगरीच्या कुळातही ते सापडावे यात नवल नाही. माणसाच्या शरीरात मात्र हेच विकर जेवणानंतर आतड्यातून स्रवणाऱ्या, इन्सुलिनला चालना देणाऱ्या संप्रेरकाला काही मिनिटांत निकामी करते. म्हणून या विकराला अटकाव करणारी औषधे मधुमेहावर निघाली. सिटाग्लिप्टिन २००६ मध्ये अमेरिकेत मान्य झाले; त्याची भावंडे आज कित्येक शिक्षकांच्या आणि कारकुनांच्या खिशातल्या पट्टीत आहेत. विल्डाग्लिप्टिनचे भारतातील पेटंट २०१९ च्या डिसेंबरात संपले आणि सिटाग्लिप्टिनचे २०२२ च्या जुलैत; दोन्ही वेळी अनेक देशी कंपन्या बाजारात उतरल्या आणि किमती झपाट्याने खाली आल्या. गोळी तीच होती, ती बनवण्याचा खर्चही रातोरात बदलला नव्हता. बदलला होता तो केवळ मक्तेदारीचा कागद. त्याआधी जो दर महिन्याच्या पगारातून जात होता तो कशाचा मोबदला होता, हे यावरून समजावे.

याच कथेला एका सरड्याचे उपकथानक आहे. अमेरिकेच्या वाळवंटात गिला मॉन्स्टर नावाचा विषारी सरडा असतो. त्याच्या विषात न्यूयॉर्कमधील माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात काम करणारे जॉन इंग यांना मानवी संप्रेरकासारखाच, पण या विकराला दाद न देणारा एक पदार्थ सापडला. त्यातूनच एक्सेनाटाइड हे मधुमेहाचे इंजेक्शन झाले आणि २००५ मध्ये मान्यता पावले. रक्तदाबावरील कॅप्टोप्रिलचे मूळही ब्राझीलच्या जराराका या सापाच्या विषात आहे. तेथील शास्त्रज्ञ सर्जिओ फेरेरा यांनी केलेल्या निरीक्षणावरून एका अमेरिकन कंपनीने ते औषध तयार केले. साप ब्राझीलचा, निरीक्षण ब्राझीलच्या शास्त्रज्ञाचे, आणि पेटंट मात्र परदेशी.

आता महाराष्ट्राकडे वळावे. सांगली जिल्ह्यात भिलवडी-औदुंबरच्या परिसरातील कृष्णेच्या पात्रात मगरींची मोठी वसाहत आहे. कोकणात चिपळूणच्या वाशिष्ठीत आणि महाडच्या सावित्रीत त्या आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मगरीला पहिल्या अनुसूचीचे संरक्षण दिले, १९७५ पासून मगर संवर्धन प्रकल्प राबवला गेला, आणि संख्या सावरली. ही गोष्ट अभिमानाचीच आहे. पण तिचा खर्च कोणी उचलला? घाटावर कपडे धुणाऱ्या बाईने, पहाटे पंप पाहायला नदीत उतरणाऱ्या शेतकऱ्याने आणि जाळे टाकणाऱ्या भोई समाजाने. शहरातला माणूस मगर छायाचित्रात पाहतो. नदीकाठचा माणूस तिच्याबरोबर राहतो. बिबट्याच्या बाबतीत हेच गणित पिंपळवंडीचा शेतकरी दररोज सोडवत असतो. हल्ला झाल्यावर भरपाई मिळते, पण रोजच्या भीतीची, रात्री शेतात न जाता आल्याची, मुलांना एकटे न सोडता आल्याची भरपाई कोणत्याही तक्त्यात नाही.

या खर्चाच्या बदल्यात गावाला काही मिळावे, अशी तरतूद कायद्यात आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी, तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावी, आणि जैविक संसाधनाच्या व्यापारी वापरातून होणाऱ्या लाभात स्थानिकांना वाटा मिळावा असे म्हटले. तत्त्व उत्तम आहे. व्यवहारात मात्र बहुसंख्य नोंदवह्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मुदत घातल्यावर घाईने भरल्या गेल्या, आणि कपाटात गेल्या. त्यांत वनस्पतींची नावे आहेत. मगरीच्या रक्ताचा रकाना कोणाच्या डोक्यात येण्याचे कारणच नव्हते.

त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. २०१४ च्या डिसेंबरात अमेरिकन अ‍ॅलिगेटर, खाऱ्या पाण्यातील मगर आणि आपली गंगेच्या खोऱ्यातील लांब तोंडाची सुसर, म्हणजे घडियाल, या तिघांचे संपूर्ण जनुकक्रम प्रसिद्ध झाले. ज्ञान खुले व्हावे, याविषयी दुमत असू नये. पण त्याचा व्यावहारिक अर्थ असा की घडियालच्या प्रतिकार-प्रथिनांवर औषध शोधू इच्छिणाऱ्या कंपनीला आता चंबळेच्या काठी येऊन रक्ताचा एक थेंबही मागावा लागत नाही. तिला हवे ते संगणकावर आहे. कायद्याने पहारा बसवला आहे तो नदीच्या काठावर, आणि माल निघून जातो तो तारेवरून. या संगणकीय जनुक-माहितीच्या लाभासाठी जागतिक निधी असावा हे २०२२ मध्ये माँट्रियलच्या परिषदेत ठरले आणि २०२५ च्या फेब्रुवारीत काली निधी या नावाने तो सुरूही झाला. पण त्यात कंपन्यांनी पैसे भरावेत ते स्वेच्छेने. ऐच्छिक करातून कोणत्या राज्याची तिजोरी भरली आहे?

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. मगरीच्या रक्ताविषयी असे काही छापून आले की त्याची पुडी बांधून विकणारे पुढे सरसावतात. थायलंडमध्ये वाळवलेल्या मगर-रक्ताच्या कॅप्सूल विकल्या जातात. रक्तातली प्रथिने पोटात गेली की इतर कोणत्याही प्रथिनासारखी पचून जातात; आणि ते रक्तजल टोचून घ्यावे तर शरीर त्याला परके समजून उसळून उठते, घोड्याच्या प्रतिविषाने कित्येकदा उसळते तसेच. प्रयोगशाळेतील काचेच्या ताटलीत जिवाणू मरणे आणि रुग्णशय्येवरचा माणूस बरा होणे यांत कित्येक वर्षांचे आणि कित्येक कोटींचे अंतर असते. आजमितीस मगरीच्या रक्तावरून तयार झालेले, रुग्णावर वापरण्यास मान्य असे एकही प्रतिजैविक बाजारात नाही.

मग हे अंतर कोणी तोडायचे? बाजार तोडील असे मानणाऱ्यांनी अ‍ॅकॅओजेन या अमेरिकन कंपनीचे उदाहरण पाहावे. तिचे नवे प्रतिजैविक २०१८ च्या जूनमध्ये मान्य झाले आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. कारण उघड आहे. मधुमेहाची गोळी रोगी जन्मभर घेतो, प्रतिजैविक आठवडाभर. आणि नवे प्रतिजैविक जितके चांगले, तितके ते डॉक्टरांनी जपून, शेवटचा उपाय म्हणून वापरावे हेच समाजाच्या हिताचे. ज्या मालाचा खप कमीत कमी व्हावा असे सर्वांना वाटते, त्यावर भांडवल कोण लावील? इकडे दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात १२ लाख ७० हजार माणसे थेट दगावली, असा अंदाज आहे. आपल्याकडे नॅफिथ्रोमायसिन हे देशी प्रतिजैविक २०२४ च्या नोव्हेंबरात पुढे आले. सरकारी निवेदनानुसार त्यामागे १४ वर्षे आणि सुमारे ५०० कोटी रुपये खर्ची पडले, आणि त्यात सरकारी साहाय्य होते ते ८ कोटींचे. प्रमाण बोलके आहे.

पिंपळवंडीहून पुण्याकडे जाणाऱ्या एस. टी. च्या वाटेजवळच पिंपरी लागते. तेथे १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा कारखाना सरकारने उभा केला आणि पुढच्याच वर्षी पेनिसिलिन काढले. तो केवळ कारखाना नव्हता. थिरुमलाचार यांच्या संशोधन विभागाने तेथे हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधले, आणि ते मातीतल्या सूक्ष्मजीवापासून. पुढे आयातीच्या स्वस्त मालापुढे कारखाना आजारी पडला, पेनिसिलिनच्या कच्च्या मालासाठी देश चीनवर विसंबला, आणि २०१६ च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने या कारखान्याची जादा जमीन विकून देणी भागवण्यास संमती दिली. २०२० मध्ये त्याच कच्च्या मालाचे देशी उत्पादन व्हावे म्हणून सरकारला प्रोत्साहन योजना आणावी लागली. जमिनीची किंमत हिशेबात धरली गेली. तेथे जमलेल्या संशोधकांच्या हाताची किंमत कोणत्या ताळेबंदात मांडली होती, ते दिसत नाही.

करता येण्याजोगे काम फार खर्चिक नाही. जखमी मगरी, बिबटे वन खात्याच्या ताब्यात येतच असतात, आणि उपचारासाठी त्यांचे रक्त तपासले जातेच. कायद्याची रीतसर अनुमती घेऊन त्यातील अंश हाफकिनसारख्या सरकारी संस्थेत जपला, त्यावर विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना काम करू दिले, आणि त्या नमुन्याची नोंद तो ज्या गावच्या शिवारातून आला त्या गावाच्या नावे केली, तर पुढे कधी काळी त्यातून काही निघाले तेव्हा वाटा मागण्यास निदान एक कागद असेल. आज सांगलीच्या भिलवडीकडे तो कागद नाही, आणि पिंपळवंडीकडेही नाही.