पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची झाली तर?



घरी पाहुणे आले, चहा झाला, की त्यांची नजर तुमच्याकडे वळते आणि ठरलेला प्रश्न येतो, ‘काय रे, मोठेपणी कोण होणार?’ तुम्ही ‘इंजिनिअर’ किंवा ‘डॉक्टर’ असे काहीतरी सांगून आपली सुटका करून घेता. पाहुणे समाधानाने मान हलवतात. उत्तर लक्षात कोणीच ठेवत नाही. आज मी तुम्हाला हा प्रश्न उलटा फिरवायला सांगणार आहे. पुढच्या वेळी तुम्हीच पाहुण्यांना नम्रपणे विचारा, ‘काका, तुम्हाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता आली असती, तर तुम्ही कोणते काम निवडले असते?’

मला स्वतःला हा प्रश्न विचारण्याची खोडच आहे. तळेगाव दाभाडे ते पुणे हा लोकलचा प्रवास पाऊण-एक तासाचा. तेवढ्या वेळात समोरचा माणूस मोकळा होतो. चाकणच्या एका कारखान्यातला फिटर मला म्हणाला, ‘मी गुलाबाची शेती केली असती. स्वच्छ हवा, वर कोणी साहेब नाही.’ योग असा, की थोड्याच दिवसांनी एक फूलवाले शेतकरी भेटले. आपल्या मावळात हरितगृहांतून गुलाब पिकवतात आणि फेब्रुवारीत ते दूरदेशी जातात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. हे गृहस्थ म्हणाले, ‘मी नोकरी केली असती. सातला घरातून निघायचे, चारला सुटायचे. पगार ठरलेला. इथे रात्री वीज गेली तरी झोप उडते!’

दोघेही खोटे बोलत नव्हते. मात्र दोघांनीही आपल्या कामाचा सोमवार दुसऱ्याच्या कामाच्या रविवारशी ताडून पाहिला होता. शास्त्राच्या तासाला तुम्ही दोन वस्तूंची तुलना करता तेव्हा बाकीची परिस्थिती सारखी ठेवता. इथे ती सारखी नव्हती. आणि नेमकी हीच चूक दहावीचा निकाल लागल्यावर आपल्यापैकी बहुतेकजण करतात. ज्या कामाची केवळ पाटी पाहिली आहे, ते काम आपण निवडतो.

एका बाईंचे उत्तर मात्र मी विसरू शकत नाही. त्या दोन मुलांच्या आई, वय पन्नाशीच्या पुढे. क्षणभर माझ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, ‘पुन्हा म्हणजे? पहिल्यांदा तरी मला कोणी कुठे विचारले होते?’ यावर मला काही बोलता आले नाही. प्रश्न विचारताना मी गृहीत धरले होते, की प्रत्येकाला एकदा तरी निवड करायला मिळालेली असते.

विचार करा, ‘कोण होणार?’ हा प्रश्न तरी किती जुना आहे? तुमच्या खापरपणजोबांना तो कोणी विचारला असेल काय? कुंभाराच्या मुलाने चाक फिरवायचे, सुताराच्या मुलाने रंधा मारायचा, लोहाराच्या मुलाने भाता ओढायचा, हे जन्मानेच ठरलेले असे. बारा बलुत्यांच्या गावात उत्तर आधी ठरे, प्रश्न विचारण्याची वेळच येत नसे. आणि मुलींच्या बाबतीत तर कित्येक घरांत तो अगदी कालपरवापर्यंत विचारला गेला नाही.

आपल्या तळेगावात मात्र १९०८ साली एक निराळीच गोष्ट घडली. प्रत्येकाने एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभे करावेत, या अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून पैसा फंड निघाला होता. लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले. त्या फंडातून तळेगावला काचेचा कारखाना सुरू झाला. जपानात जाऊन काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तो चालवायला आले. वाळू, सोडा आणि चुनखडी भट्टीत वितळवायची, पोकळ लोखंडी नळीच्या टोकावर तो लालबुंद गोळा घ्यायचा आणि नळी फिरवत दुसऱ्या टोकाने फुंकायचे. फुंकर जोराची झाली तर भांडे एका बाजूला पातळ होऊन फुटते, हळू झाली तर काच थिजते. हे पुस्तक वाचून येत नाही. ते गाल, मनगट आणि डोळे यांना शिकवावे लागते. म्हणून हा कारखाना एक शाळाही होता, आणि इथे शिकलेले कारागीर पुढे देशातल्या इतर काच कारखान्यांत गेले.

मला या गोष्टीत विशेष वाटते ते असे, की बारा बलुत्यांच्या यादीत काच फुंकणारा नव्हता. हे काम वडिलांचे म्हणून मुलाकडे आले, असे त्या पहिल्या तुकडीबद्दल म्हणता येणार नाही. भट्टीपुढे उभे राहिलेल्या त्या तरुणांना सारेच नव्याने शिकावे लागले.

त्यानंतर शंभर वर्षांनी, २००८ साली, तळेगावलाच जनरल मोटर्स कंपनीचा मोटारींचा कारखाना सुरू झाला. तेव्हा अनेक घरांत पेढे वाटले गेले असतील. २०१७ मध्ये कंपनीने भारतात मोटारी विकणे थांबवले, नंतर काही काळ इथल्या गाड्या फक्त परदेशी जात राहिल्या, आणि २०२० च्या डिसेंबरात उत्पादन बंद झाले. पुढे तो कारखाना ह्युंदाई कंपनीने विकत घेतला. पण दरम्यान शेकडो कामगारांपुढे ‘पुन्हा पहिल्यापासून’ हा प्रश्न गाडीतल्या गप्पांचा विषय राहिला नाही. घराचे हप्ते, मुलांची फी, चाळिशीकडे झुकलेले वय, आणि हातात बारा वर्षांचा अनुभव. ‘मोठेपणी कोण होणार?’ याचे उत्तर त्यांनी कधीच देऊन टाकले होते. ते उत्तर खोडून टाकण्यात आले, आणि त्यात त्यांची चूक काहीच नव्हती.

म्हणून माझे म्हणणे असे आहे, की ‘कोण होणार?’ हा प्रश्नच अपुरा आहे. तो नोकरीचे नाव विचारतो, आणि नाव ही त्यातली सर्वांत नाजूक वस्तू आहे. आपले हात कशात रमतात, कोणता प्रश्न आपल्याला स्वस्थ बसू देत नाही, हे कोणी विचारत नाही. माणसाला पुन्हा सुरुवात करावी लागते तेव्हा बरोबर येते ते हेच.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण पाहा. त्यांना चित्रकार व्हायचे होते. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. सुमारे दोन वर्षांनी ध्यानात आले, की त्यांना काही रंग नीट वेगळे ओळखता येत नाहीत. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर शंकूच्या आकाराच्या तीन प्रकारच्या पेशी असतात आणि त्यांच्या एकत्रित कामातून आपल्याला रंग कळतात. त्यांपैकी एका प्रकारात जन्मतः दोष असला, की बहुधा तांबडा आणि हिरवा यांत गोंधळ होतो. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो. मुलग्यांत ते गुणसूत्र एकच असल्यामुळे तो त्यांच्यात मुलींपेक्षा पुष्कळ अधिक आढळतो. त्यावर औषध नाही. म्हणजे चित्रकाराची वाट तिथेच संपली.

रंग गेले, पण रेषा राहिली होती. लक्ष्मणरावांनी यंत्रांची रेखाटने काढण्याचे शिक्षण घेतले आणि ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. पुढे तेही सोडले. बेळगावात भावाबरोबर सायकलींचे दुकान काढले, मग कडबा कापण्याची यंत्रे, मग लोखंडी नांगर. पहिले नांगर कितीतरी दिवस कोणी घेईना, कारण लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. कागदावर यंत्राचा भाग नेमका उतरवणारा हात मात्र सगळीकडे तोच होता.

दुसरे उदाहरण दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे. ते पुण्याला राहत आणि मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक होते. डेक्कन क्वीनने ते ये-जा करत. म्हणजे तळेगावचे स्टेशन त्यांच्या खिडकीवरून कितीदा सरकले असेल! कोसंबींना संख्याशास्त्र शिकायचे होते. नुसती सूत्रे पाठ करण्यापेक्षा एखादा खराखुरा प्रश्न सोडवत शिकावे म्हणून त्यांनी जुन्या नाण्यांची वजने हा विषय घेतला. टाकसाळीतून निघताना एका जातीची नाणी जवळजवळ सारख्या वजनाची असतात. हातोहात फिरताना ती झिजतात, पण सगळी सारखी झिजत नाहीत. त्यामुळे जसजसा काळ जातो तसतशी त्यांची सरासरी घटते आणि वजनांतला फरक वाढतो. यावरून कोणती नाणी जास्त दिवस चलनात होती ते सांगता येते. ताडून पाहण्यासाठी कोसंबींनी त्या वेळच्या चालू नाण्यांचीही वजने केली.

नाणी तर तोलली, पण ती पाडली कोणी? त्यासाठी इतिहास हवा. इतिहासाची साधने संस्कृतात, म्हणून संस्कृत हवे. मग भर्तृहरीच्या सुभाषितांची हस्तलिखिते ताडून त्यांनी चिकित्सक आवृत्तीच काढली. पुस्तकांत न सापडणारा इतिहास शोधायला ते पायी निघाले. पुण्याभोवतीच्या टेकड्या, आपल्या मावळातील कार्ल्याची लेणी, जुन्या वाटा, रानातली देवस्थाने त्यांनी पालथी घातली आणि अश्मयुगातल्या माणसाची चिमुकली दगडी हत्यारे गोळा केली. मध्येच, १९४४ साली, त्यांनी आनुवंशशास्त्राला एक सूत्र दिले. गुणसूत्रावरील जनुकांमधले अंतर काढण्यासाठी ते आजही कोसंबींच्या नावाने वापरले जाते. मग हे गणिती होते, की इतिहासकार? पाहुण्यांना उत्तर देणे कठीणच!

आता तुमच्यातला एखादा चौकस विद्यार्थी मला अडवील, आणि त्याने अडवावेच. तो म्हणेल, ‘सर, तुम्ही फक्त यशस्वी झालेल्यांची उदाहरणे निवडलीत. हा नमुना एकतर्फी आहे.’ अगदी बरोबर. सायकलींचे दुकान काढून बुडालेल्यांची चरित्रे कोणी छापत नाही. लक्ष्मणरावांच्या पाठीशी भाऊ होता, आणि पुढे औंधच्या राजेसाहेबांनी त्यांना जागा व भांडवल दिले. कोसंबींचे वडील स्वतः मोठे विद्वान होते आणि मुलगा हार्वर्डला शिकला होता. ज्याच्या घरी महिन्याचा पगार महिन्यातच संपतो, त्याला ‘मनासारखे काम कर’ असे सांगणे सोपे आणि निर्दयपणाचे आहे. तेव्हा नोकऱ्या सोडा आणि स्वप्नांमागे धावा, असे मी मुळीच सांगत नाही. डॉक्टर व्हायचे असेल तर जीवशास्त्र शिकावेच लागते, हेही खरे.

मला राग येतो तो एवढ्याचाच, की पंधराव्या वर्षी मुलांनी निवड करावी अशी आपण अपेक्षा ठेवतो आणि तोवर त्यांना एकही काम जवळून पाहू देत नाही. तळेगाव, चाकण, भोसरी या पट्ट्यातली कितीतरी मुले दररोज कारखान्यांच्या भिंतींवरून शाळेत जातात. भिंतीआड काय चालते हे त्यांना ठाऊक नसते. स्वतःचे वडील दिवसभर नेमके काय करतात, हे तरी किती जणांना सांगता येईल? ‘कंपनीत आहेत,’ एवढेच. शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे, की वर्षातून चार वेळा पालकांनाच वर्गात बोलवा. भाषणाला नव्हे. फिटरने व्हर्निअर कॅलिपर आणावा, शिवणकाम करणाऱ्या आईने कापड बेतून दाखवावे, परिचारिकेने रक्तदाब मोजावा, फूलवाल्याने कलम बांधावे. मुलांनी हातात घेऊन करून पाहावे. आणि शेवटी पाहुण्यांना तोच प्रश्न विचारावा. मुलांसमोर मोठी माणसे फार खरे बोलतात, असा माझा अनुभव आहे.

तोवर एक प्रयोग घरी करून पाहता येईल. एकाच प्रकारची, एकाच आकाराची पन्नास नाणी जमवा. नाण्यावरचे वर्ष वाचा आणि जुनी व नवी असे दोन ढीग करा. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या तराजूवर प्रत्येक नाणे वेगळे तोला, दोन्ही ढिगांची सरासरी काढा आणि कोणत्या ढिगातली वजने जास्त विखुरलेली आहेत ते पाहा. हल्लीची पुष्कळ नाणी कठीण पोलादाची असल्याने फरक थोडा असेल, कदाचित तुमच्या तराजूला तो दिसणारही नाही. तसे झाले तर वहीत तसेच लिहा. नाणी वाटीत जमवताना आईला हाताशी बसवून घ्या. वर्षे वाचायला वेळ लागतो. तेवढ्यात तिला विचारून घ्या, पहिल्यांदाच कोणी विचारले असते, तर तिने काय सांगितले असते.