आडवी बाटली

गेल्या दिवाळीत भाचा फ्रान्सहून आला तो पांढऱ्या वाइनची एक बाटली घेऊन. नाव व्हूव्रे. आल्याआल्या त्याने ती फ्रिजच्या खालच्या खणात आडवी ठेवली. बूच ओले राहिले पाहिजे, म्हणून बाटली आडवीच ठेवायची असते म्हणे. मला हसू आले. आमच्या यवतमाळकडे आडव्या बाटलीचा अर्थ निराळा आहे. दारूचे दुकान हवे की नको यावर गावच्या बायकांचे मतदान होते, तेव्हा दोनच चिन्हे असतात : उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडवी बाटली निवडली की दुकानाला कुलूप.

व्हूव्रे हे मुळात गावाचे नाव. तूर शहराच्या पूर्वेस, ल्वार नदीच्या उत्तर काठी चुनखडीच्या टेकड्या आहेत. तिथे शेनँ ब्लाँ जातीची द्राक्षे पिकतात आणि त्याच खडकात कोरलेल्या तळघरांत बाटल्या मुरतात. कोरडी, किंचित गोड, गोड आणि फेसाळ अशा साऱ्या तऱ्हा या एकाच द्राक्षापासून होतात. १९३६ पासून या नावाला कायद्याचे संरक्षण आहे. हेच द्राक्ष आपल्या नाशकातही आले. सुलाने २००० साली काढलेल्या पहिल्या वाइनमध्ये शेनँ ब्लाँ होती. पण तिला व्हूव्रे म्हणता येत नाही.

तिकडे हिच्यासोबत बकरीच्या दुधाचे चीज किंवा लोण्याच्या सॉसमधली नदीची मासळी खातात. आमच्या घरी त्या दिवशी भाजल्या वांग्याचे भरीत, ज्वारीची भाकर आणि पाटोडीचा रस्सा होता. बाटली किंचित गोड निघाली, हे बरे झाले. कोरडी वाइन तिखटापुढे अधिकच जाळते. हिच्या गोडव्याने रस्सा सावरून घेतला. भरिताच्या धुरकट चवीशी तर तिचे छान जमले. ठेच्यापुढे मात्र तिने हात टेकले. आमच्या सौभाग्यवतींनी एक घोट घेऊन ‘आंबट सरबत’ असा निकाल दिला.

भांडी घासायला येणाऱ्या बाईंनी विचारले, “काकाजी, हे दारूच हाय ना जी?” भाच्याने द्राक्षे, शेतकरी, संस्कृती असे बरेच काही समजावले. त्यांनी ऐकून घेतले आणि पेले विसळायला नेले.

मला त्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. २७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असे मोठमोठ्यांनी सांगितले होते. २००१ च्या धोरणापासूनच वाइनला सवलती आहेत. द्राक्षवाल्याला कर्ज कसे द्यायचे हे बँकेत आम्हाला शिकवलेले होते. मी पांढरकवड्याला होतो, तेव्हा चैत्रात पहाटे कोलाम आणि गोंड बाया टोपल्या घेऊन मोहाखाली बसलेल्या दिसत. वेचलेली फुले अंगणात वाळत. त्या फुलांवर मी एक रुपयाही कर्ज दिले नाही. तसा रकानाच आमच्या फॉर्मात नव्हता. त्याच फुलांची भट्टी लावली की थेट गुन्हा.

कबूल आहे, वाइन नुसती आंबवलेली असते आणि तिच्यात अल्कोहोल बारा-तेरा टक्के. मोहाची गाळलेली, म्हणून कडक. पण गोव्याची काजूफेणीही गाळलेलीच की! तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मला यात पिणाऱ्याचा पोशाख दिसतो. शहरी माणसाच्या पेल्यातला प्रदेश आपण कौतुकाने विचारतो आणि पोडावरच्या माणसाच्या पेल्यातले फक्त पाप पाहतो.

म्हणून मोहाची उघड्यावर विका, असे मी म्हणणार नाही. बचत गटाचा हप्ता भरायला येणाऱ्या बायांच्या दंडावरचे वळ मी काउंटरच्या अलीकडून पाहिले आहेत. चंद्रपूरला २०१५ ते २०२१ दारूबंदी होती, तेव्हा वर्धा नदीच्या या काठी वणीत दुकाने चालूच होती. नुसत्या बंदीचे मोलही मला ठाऊक आहे. मोहफुलाला रास्त भाव, साठवणीला गोदाम आणि त्याच्या खाद्यपदार्थांना कर्ज एवढे तर दारूचा प्रश्न न सोडवताही देता येईल.

आणि वाइन आमच्या तालुक्यांतल्या दुकानांत आणायचीच असेल, तर ती दारू आहे की नाही हे मुंबईत ठरवू नका. उभ्या-आडव्या बाटलीच्या मतपत्रिका तिच्यासाठीही छापा आणि बायकांना सकाळचे काम आटोपल्यावर मतदानाला बोलवा. मोहाच्या दिवसांत तेवढे ठेवू नका. तेव्हा त्या पहाटेच रानात गेलेल्या असतात.