पाणी ‘राष्ट्रीय सुरक्षे’चा विषय झाले, तर आपल्या आवर्तनाचे काय?



पहलगामच्या हल्ल्यानंतर, २३ एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने १९६० चा सिंधू पाणी करार स्थगित ठेवला. तेव्हापासून ‘पाणी म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा’ ही भाषा जास्त ऐकू येते. न्हावरे परिसरात ऊस उभा असलेल्या शेतकऱ्याचा याच्याशी संबंध काय, असे तुम्हाला वाटेल. संबंध आहे, म्हणून हा विषय समजून घेऊ.

सीमेवरचे पाणी वेगळे, पाटाचे वेगळे

सिंधूच्या वादात समोर दुसरा देश आहे. आपल्याकडे तसे नाही. घोड भीमेला मिळते आणि भीमा कृष्णेला. बच्छावत लवादाने १९७६ मध्ये कृष्णा खोऱ्यातील ५६० टीएमसी पाणी महाराष्ट्राला दिले. त्यातच चासकमान, डिंभे, घोड आणि उजनीचा हिशेब बसतो. म्हणजे आपल्या पाण्याचे दुसरे दावेदार श्रीगोंद्याचे आणि इंदापूरचे शेतकरी आहेत, दौंडच्या कालव्याच्या वरच्या अंगाला पुणे शहर आहे. यातले कोणीही शत्रू नाही. इथे लागते ती वाटणी.

टंचाईला बंदोबस्ताचे उत्तर

मार्च २०१६ मध्ये लातूर शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून कलम १४४ लावले गेले. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. लोकांची तहान भागली, हे खरे. पण उसाचे क्षेत्र आणि खोल जाणारी बोअर हे प्रश्न जमावबंदीने सुटले नाहीत. आपल्याच जिल्ह्यात ९ ऑगस्ट २०११ रोजी पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या बंद जलवाहिनीविरुद्ध मावळात आंदोलन झाले. पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले आणि जलवाहिनीचे काम पुढे अनेक वर्षे थांबले. वाटपाचा प्रश्न पोलिसांकडे गेला की शहरालाही पाणी मिळत नाही आणि शेतकऱ्यालाही न्याय मिळत नाही.

ही भाषा कोणाच्या सोयीची?

‘सुरक्षा’ म्हटले की तीन गोष्टी बदलतात. पहिली, निर्णय वर सरकतो. घटनेप्रमाणे पाणी हा राज्याचा विषय आहे, केंद्राला आंतरराज्य नद्यांपुरता अधिकार आहे. दुसरी, आकडे झाकले जातात. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधू खोऱ्यांतील प्रवाहाची आकडेवारी गोपनीय वर्गात ठेवली जाते. आपल्या धरणांचा साठा मात्र जलसंपदा विभाग रोज जाहीर करतो. तिसरी, प्रश्न विचारणारा अडथळा ठरतो. म्हणून टंचाई गंभीर आहे हे मान्य करा, पण ‘सुरक्षे’च्या नावाखाली हिशेब बंद होऊ देऊ नका.

एका टीएमसीचा हिशेब

१ टीएमसी म्हणजे सुमारे २.८३ कोटी घनमीटर पाणी. उसाला मोकळ्या पाण्याने हेक्टरी साधारण २० हजार घनमीटर धरले, तर गळती सोडून त्यात सुमारे १,४०० हेक्टर ऊस भिजतो. ठिबकने पाणी एक तृतीयांश वाचले, तर तेवढ्याच पाण्यात सुमारे २,१०० हेक्टर भिजेल. मात्र वाचलेल्या पाण्यावर पुन्हा उसाचेच क्षेत्र वाढवले, तर टंचाई तशीच राहते.

तुम्ही काय करावे?

- आवर्तनाआधी नमुना क्र. ७ चा पाणी अर्ज मुदतीत भरा. मागणीची नोंदच नसेल, तर हक्क मांडणे अवघड जाते.
- २००५ च्या कायद्याखालील पाणी वापर संस्थेत सक्रिय राहा. संस्थेला पाणी मोजून देण्याची मागणी करा.
- कालवा सल्लागार समितीच्या बैठकीआधी लोकप्रतिनिधींना आपल्या चारीची गरज आणि धरणसाठ्याचा आकडा लेखी द्या.
- आडसाली ऊस १६ ते १८ महिने शेतात राहतो, म्हणजे त्याला एका पूर्ण उन्हाळ्यातून न्यावे लागते. पुढच्या उन्हाळ्याचे पाणी नक्की नसेल, तर क्षेत्र कमी ठेवा आणि बाकी रानात हरभरा किंवा ज्वारी घ्या.

शेजारच्या तालुक्याशी पाण्यावरून भांडण होणारच. ते बैठकीत, मोजलेल्या आकड्यांवर झाले तर पाटाला पाणी येते. बंदोबस्तात सोडलेले पाणी मात्र ज्याची सत्ता, त्याच्या दारात जाते.