धर्मादाय रुग्णालय : इमारतीआधी वार्षिक खर्चाचा विचार

तालुक्याच्या ठिकाणी वैद्यांनी व औषधनिर्मात्यांनी एकत्र येऊन धर्मादाय आयुर्वेद रुग्णालय उभारावे, हा विचार आपल्या बैठकांतून वेळोवेळी मांडला जातो. विचार स्तुत्यच आहे. परंतु चर्चा प्रथम जागा, मग नकाशा, मग देणगीदारांच्या नामफलकांचे दर या क्रमाने पुढे सरकते; परिचारिकेचे वेतन कोण देणार, हा प्रश्न बहुधा चहापानानंतर उरतो. आमच्या मते हा क्रमच उलटा आहे.

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले : वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रुग्ण. त्यांत वास्तूला स्थान नाही. सूत्रस्थानातील उपकल्पनीय अध्यायात वास्तूचे वर्णन येते खरे. थेट वारा न लागणारी, तरी एका बाजूने हवा खेळती असलेली, धूर व धूळ यांपासून मुक्त अशी ती असावी. पण आचार्य तेथे फार थांबत नाहीत. पुढची लांबलचक यादी आहे ती अन्न शिजविणाऱ्यांची, स्नान घालणाऱ्यांची, अंग चोळणाऱ्यांची, रुग्णाचे मन रमविण्यासाठी गीते व कथा जाणणाऱ्यांची, आणि भांडी, वस्त्रे, औषधे यांच्या साठ्याची. आजच्या हिशेबाच्या भाषेत हा सर्व आवर्ती खर्च होय. असा संभार राजास वा धनवंतास शक्य आहे, दरिद्री रुग्णाने तो न जमविताही प्रसंगी शोधन घ्यावे, असेही तेथेच म्हटले आहे. गरिबाला एकट्याने जमविता न येणारा हा संभार वर्षानुवर्षे सज्ज ठेवणे, हेच धर्मादाय रुग्णालयाचे प्रयोजन.

महाराष्ट्रातील अनुभवही हेच दर्शवितो. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेड येथे कार्य आरंभिले, ते जुन्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या जागेत. त्यांची शक्ती खर्च झाली ती गावोगावच्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यात. 1986 मध्ये ‘सर्च’ संस्था स्थापणाऱ्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत आदिवासींना विचारले, की तुम्ही रुग्णालयात का येत नाही? मोठ्या इमारतीची व पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, नातेवाईकांना मुक्काम करू देत नाहीत, अशी उत्तरे मिळाली. म्हणून शोधग्रामचे रुग्णालय आदिवासी पाड्यासारखे, सोबत्यांना राहता येईल असे बांधले व त्यास माँ दंतेश्वरीचे नाव दिले. आपल्यापैकी किती जणांनी नकाशा काढण्यापूर्वी रुग्णांना असे विचारले आहे?

आता पैशाकडे वळू. समजा, दहा खाटांच्या रुग्णालयास दरमहा तीन लाख, म्हणजे वर्षाला छत्तीस लाख रुपये लागतात. हे केवळ ठेवींच्या व्याजातून भागवायचे, तर सात टक्के दराने पाच कोटींहून अधिक ठेव हवी. ती कोठून येणार? आम्ही पिंपळगाव बसवंत येथे व्यवसाय करतो. येथील दातृत्व द्राक्षबागेवर अवलंबून असते. हंगाम साधला तर हात सढळ. पण 2014 च्या फेब्रुवारी-मार्चसारखी गारपीट झाली, की ज्याने वचन दिले त्याच्यापुढे कर्जाचा हप्ता उभा. अशा शेतकऱ्याकडे वचनाची आठवण घेऊन जाणे आम्हास तरी जमणार नाही. शिवाय तेच वर्ष त्याच्या घरच्यांना सवलतीच्या उपचारांची सर्वाधिक गरज असण्याचे.

त्यापेक्षा जिल्ह्यातील दोनशे वैद्य व औषधालये यांनी दरमहा एक हजार रुपये दिले, तर वर्षाला चोवीस लाख होतात. उरलेले बारा लाख सवलतीच्या शुल्कातून यावेत. पूर्णतः मोफत उपचारांचा आग्रह आम्ही धरणार नाही. ज्याला शक्य आहे त्याने थोडे द्यावे, ज्याला नाही त्याला विचारूही नये.

औषधनिर्मात्या बंधूंसाठी कोट्टक्कलचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. वैद्यरत्नम पी. एस. वारियर यांनी 1902 मध्ये आर्य वैद्य शाळा काढली आणि 1924 मध्ये धर्मादाय रुग्णालय. म्हणजे आधी औषधविक्रीचा पाया, मग रुग्णालय. पुढे 1939 च्या मृत्युपत्राने त्यांनी संस्थेचा न्यास केला व उत्पन्नातून धर्मादाय कार्याचीही तरतूद करून ठेवली. आपल्याकडील औषधालयांनी इतके करावे, अशी अपेक्षा नाही. पण रुग्णालयास लागणारी तेले, चूर्णे, आसवारिष्टे दरवर्षी किती देणार, हे लेखी द्यावे. मुदत संपत आलेल्या औषधांची खोकी ही देणगी नव्हे, हेही येथेच नमूद करतो.

आमची सूचना अशी, की पुढील वार्षिक सभेत नकाशाऐवजी या दोनशे नावांची यादी मांडावी, आणि पहिली तीन वर्षे भाड्याच्या जागेत काढावीत. नावे शंभरावर थांबली, तर पाच खाटांनी आरंभ करावा.