परवाना नको, कलम 8 काढा

केज तालुक्यातल्या कला केंद्रावर 2023 मध्ये देहविक्रीच्या आरोपावरून छापा पडला, तेव्हापासून बीडच्या टपऱ्यांवर एक सूचना अधूनमधून ऐकू येते: हे सगळं एकदाचं कायदेशीर करा, परवाने द्या, चोरटा कारभार तरी थांबेल. सूचना करणारे बहुतेक पुरुषच असतात, हे जाता जाता सांगतो.

मुळात आपल्याकडे देहविक्री हा गुन्हाच नाही. 1956 चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक म्हणजे ‘पिटा’ कायदा कुंटणखाना चालवणाऱ्याला आणि दलालाला पकडतो, हे ठीकच. पण दोघींनी सोबतीला म्हणून एका खोलीत धंदा केला, तर तीही खोली कुंटणखाना ठरते. अशा बाईच्या कमाईवर जगणारा सज्ञान मुलगा किंवा म्हातारी आई आरोपी होऊ शकते. आणि कलम 8 पाहा: गिऱ्हाइकाला खुणावलं म्हणून बाईला पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, तेच पुरुषाने केलं तर जास्तीत जास्त तीन. सर्वोच्च न्यायालयाने 19 मे 2022 रोजी बजावलं, की सज्ञान बाई मर्जीने हे काम करत असेल तर छाप्यात तिला अटक करू नका, छळू नका. कलमं मात्र जागच्या जागी आहेत.

परवान्याचा प्रयोग इंग्रजांनी 1868 च्या कायद्याने करून पाहिला. बायकांची नोंदणी झाली, सक्तीची तपासणी आली, बायका ती चुकवू लागल्या, आणि 1888 मध्ये कायदा गुंडाळावा लागला. परवाना म्हणजे रजिस्टर, आणि रजिस्टर म्हणजे ते हातात असलेल्याचा हप्ता. सांगलीची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ याच धंद्यातल्या बायकांची. त्यांची मागणीही परवान्याची नाही, गुन्ह्याची कलमं हटवण्याची आहे.

पण सांगलीचं बीडला जसंच्या तसं लागू होत नाही. ज्या जिल्ह्यात 20 ते 24 वयाच्या सुमारे 44 टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झाली (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-5), जिथे ऊसतोडीसाठी उचल घेऊन नवरा-बायको सहा-सहा महिने कोयत्यावर जातात, तिथे ‘मर्जी’ कशाला म्हणायचं? अंबाजोगाईत 2021 मध्ये उघड झालेलं मुलीच्या लैंगिक शोषणाचं प्रकरण आठवा. ती मुलगी अल्पवयीन होती. तिथे मर्जीची चर्चाच नाही. तो सरळ पोक्सोचा गुन्हा.

म्हणून माझं मत असं: सज्ञान बाईवरचं कलम 8 रद्द करा, दोघींच्या खोलीला कुंटणखाना म्हणणं थांबवा. मुली विकणाऱ्याला, दलालाला आणि अल्पवयीन मुलीच्या गिऱ्हाइकाला मात्र तसूभरही सूट नको. पिटा हा संसदेचा कायदा आहे. तेव्हा पुढच्या वेळी टपरीवर परवाना मागण्यापेक्षा ही मागणी खासदारांच्या कार्यालयात लेखी द्या, आणि तिथे कलमाचा नंबर लिहायला विसरू नका.